खानदेशातल्या रेल्वेवाल्या पूर्वजांचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, अमळनेर, नंदुरबार. या गावांतल्या जुन्या घरांत विचारलं की आजोबा, पणजोबा, मामा, चुलते, कोणी ना कोणी रेल्वेत होतं असं निघतंच. पण "रेल्वेत होते" याच्या पुढे घरातल्यांना फारसं सांगता येत नाही. कुठल्या खात्यात होते, कधी लागले, कुठल्या गावाहून आले, हे एका पिढीत विरून जातं. ते पुन्हा जुळवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न नेहमी येतात त्यांची ही उत्तरं.

सुरुवात कुठून करायची? मुंबईच्या अभिलेखागारात जावं का?

आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. मुंबई, दिल्ली नंतर. आजीच्या पेटीत, देवघराखालच्या कप्प्यात किंवा माळ्यावरच्या पिशवीत जे निघतं ते कुठल्याही सरकारी दप्तरात मिळत नाही. पेन्शनचा हुकूम (सगळे त्याला पीपीओ म्हणतात), प्रॉव्हिडंट फंडाची वार्षिक पावती, दवाखान्याचं कार्ड, क्वार्टर मिळाल्याचं पत्र, बदलीचा हुकूम, न वापरलेला पास, युनियनची पावती, निरोपसमारंभाचा फोटो. फोटो असेल तर तो फ्रेममधून काढून मागची बाजू बघा. निरोपाच्या फोटोत पुढे ठेवलेल्या पाटीवर खात्याचं नाव आणि तारीख लिहायची पद्धत होती, आणि मागे कोणीतरी पेन्सिलीने माणसांची नावं लिहिलेली असतात.

पतपेढीचं पासबुक फेकू नका. ते जॅक्सन सोसायटीचं असेल तर माणूस पश्चिम रेल्वेकडचा, म्हणजे शोध वेगळ्याच दिशेला जाणार. एवढ्याशा पासबुकावरून चुकीच्या कार्यालयातले कितीतरी हेलपाटे वाचतात.

आमचे पणजोबा नेमके कुठल्या रेल्वेत होते, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. खानदेशात एक रेल्वे कधीच नव्हती.

मुंबईहून इगतपुरी, चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला येणारा मोठा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती याच कंपनीची. थळ घाट १८६५ च्या जानेवारीत खुला झाला आणि खानदेश मुंबईशी सलग जोडला गेला. पुढे भुसावळहून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि दुसरा खंडव्यावरून १८७० मध्ये जबलपूरला जाऊन कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. भुसावळचं रेल्वेगाव झालं ते या दुफाट्यामुळे. इंजिन बदलायचं, कोळसा-पाणी घ्यायचं, ड्रायव्हर-गार्ड बदलायचे, सगळं इथे. म्हणून लोको शेड इथे, चाळी इथे, बंगले इथे.

तापीच्या काठाकाठाने सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येणारा मार्ग मात्र ताप्ती व्हॅली रेल्वे या वेगळ्या कंपनीचा. तो १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि चालवायला बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे होता. चाळीसगाव-धुळे फाटाही १९०० चाच, पण तो जीआयपीचा. पहूर, शेंदुर्णीवरून जाणारी पाचोरा-जामनेर छोटी गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आली, तिचं कामकाजही जीआयपीकडे.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे. म्हणजे आजोबा अमळनेर किंवा नंदुरबारला होते तर भुसावळच्या डीआरएम ऑफिसात, म्हणजे रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, विचारून उपयोग नाही. तो मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात येतो. जळगावच्या माणसांचं दोन्हीकडे बघावं लागतं, कारण तिथे दोन्ही मार्ग मिळतात. मनमाडला नोकरी केली असेल तर आणखी एक शक्यता धरा : तिथून औरंगाबादकडे जाणारा मीटर गेज मार्ग निजामाच्या रेल्वेचा होता.

हुकमाच्या माथ्यावर काय छापलंय त्यावरून काळही कळतो. १९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली, तरी कारभार कंपनीच बघत राहिली. १ जुलै १९२५ पासून तो थेट सरकारकडे आला. कागदावर नुसतं "जीआयपी रेल्वे" असेल तर तो १९५१ च्या आधीचा, एवढं नक्की.

घरात म्हणतात, "ते इंजिनवर होते." म्हणजे ड्रायव्हर होते का?

कदाचित होते, पण सुरुवात तिथून झालेली नसते. शेडमध्ये माणूस लागायचा क्लीनर किंवा खलाशी म्हणून. इंजिन पुसणं, राख काढणं, तेल घालणं. मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, आणि डोळे शाबूत राहिले तर पॅसेंजर नि मेलचा ड्रायव्हर. बरेच जण फायरमन म्हणूनच निवृत्त झाले. अमळनेरकडची एखादी म्हातारी नातवाला सांगते, "तुना बाप इंजनवर व्हता," त्यात ही सगळी शिडी एका शब्दात आलेली असते. त्यामुळे पायरी विचारा : फावडं हातात होतं, की रेग्युलेटर, म्हणजे ड्रायव्हरचा वाफ सोडायचा दांडा?

डोळ्यांवरून आठवलं. गाडी चालवणाऱ्यांना ए-वन हा सगळ्यात कडक वैद्यकीय वर्ग लागायचा. नजर कमी झाली की माणसाला खालच्या वर्गात टाकून दुसरं काम द्यायचे. म्हणून ड्रायव्हर म्हणून आठवणीत असलेले आजोबा शेवटच्या कागदावर शेड क्लार्क किंवा ऑफिसातले शिपाई म्हणून दिसले तर गोंधळून जाऊ नका, घरच्यांनी खोटं सांगितलं असंही समजू नका. माणूस तोच.

भुसावळचे रनिंगवाले, म्हणजे गाडीबरोबर जाणारे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, बडनेरा, खंडवा, इगतपुरी, मनमाड इथे रनिंग रूममध्ये मुक्काम करायचे. बदलीही याच मार्गांवर व्हायची. एखाद्या आत्याचा जन्म खंडव्याचा निघतो तो त्यामुळे. तिच्या जन्माची नोंद जळगाव जिल्ह्यात शोधत बसू नका.

साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ मार्गावर विजेची इंजिनं आली. त्या काळात नोकरीत असलेल्यांच्या कागदांत ट्रेनिंगचे आणि नव्या पदनामांचे हुकूम सापडतात. वाफेवरून विजेवर गेलेली ही पिढी. त्यातले जे कोणी आज आहेत त्यांना आजच भेटा.

आमचे आजोबा गँगमन होते. कोणाकडेच काही कागद नाही. शोध लागू शकतो का?

लागू शकतो, पण वाट वेगळी आहे. आणि मला हा प्रश्न सगळ्यांत जवळचा वाटतो.

रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची, पुलांची आणि साहेबांची नावं येतात. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्यांची येत नाहीत. एका गँगकडे काही मैलांचा रूळ असायचा. वर मुकादम, आणि एक की-मन, जो रोज हातोडा खांद्यावर टाकून आपली हद्द चालत तपासायचा आणि सैल चाव्या ठोकायचा. बाकीचे गिट्टी भरायचे, स्लीपर बदलायचे. मे महिन्यात भादली-शिरसोलीच्या उन्हात, तापलेल्या लोखंडाजवळ.

गँगमनमध्ये मागासवर्गीय माणसं मोठ्या संख्येने होती, त्यालाही कारण आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. त्यांनी भाषणात हे उघड मांडलं की अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं कामही करावं लागतं आणि सवर्ण स्टेशनमास्तरला ते चालत नाही. त्यामुळे पूर्वज वीस-पंचवीस वर्षं एकाच पदावर दिसला तर तो मागे पडला असं म्हणू नका. त्याला वर जायची वाटच बंद होती. मनमाडच्या त्या परिषदेला खानदेशातून कोणकोण गेलं होतं, ही आठवण काही घरांत अजून आहे. ती लिहून ठेवा.

आता शोधायचं कसं? गँगमनचा संबंध डीआरएम ऑफिसाशी कमी आणि पीडब्ल्यूआयशी, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या इन्स्पेक्टरशी जास्त असायचा. कुठल्या पीडब्ल्यूआयच्या हाताखाली होते, गँगचा नंबर काय, गँगच्या खोल्या कुठल्या स्टेशनाजवळ किंवा कुठल्या गेटाजवळ होत्या, हे विचारा. "नगरदेवळ्याच्या पुढे, नाल्याच्या पुलाजवळ," एवढं उत्तरही पुरतं. त्या नाल्याजवळच्या गावात जाऊन बसा. गँगची भरती बहुतेक आसपासच्या खेड्यांतून, मुकादमाच्या ओळखीने व्हायची. म्हणजे एका गँगमधली माणसं एकमेकांची पाहुणी असतात, आणि तुमच्या आजोबांची गोष्ट दुसऱ्याच कोणाच्या घरात जपलेली असू शकते.

नंतरच्या काळातले असतील तर कॅज्युअल लेबर कार्ड शोधा. रोजंदारीवर किती दिवस काम केलं त्याच्या नोंदी त्यावर असायच्या, आणि पुढे कायम होताना स्क्रीनिंगसाठी, म्हणजे छाननीसाठी, ते दाखवावं लागायचं. म्हणून लोकांनी ते जीव लावून जपलं. पावसाळ्यात रूळ पहाऱ्याला लागणारे पेट्रोलमन आणि उन्हाळ्यात स्टेशनवर पाणी पाजायला ठेवलेली माणसं, यांचीही सुरुवात अशाच हंगामी कामातून झालेली दिसते.

१८६० च्या दशकात रूळ टाकायला गेलेल्या मजुरांची नावं मिळतील का?

कंपनीच्या यादीत नाही मिळणार. रेल्वेमार्ग बांधायचं काम ठेकेदारांना दिलेलं होतं, ठेकेदार मुकादमांना द्यायचे, आणि मजूर मुकादमाचे असायचे. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मुंबई सरकारच्या रेल्वे विभागाची जुनी बाडं आहेत. त्यात जमिनी, ठेके, तंटे, रोगांच्या साथी यांचा पत्रव्यवहार आहे. एखाद्या गावाची जमीन कशी गेली, ते यातून कळू शकतं. मजुराचं नाव मात्र अपवादानेच.

सेवापुस्तिका मिळाली तर तिच्यात काय बघायचं?

पहिलं पान सावकाश बघा. नाव, बापाचं नाव, गाव-तालुका, जात किंवा धर्म, उंची आणि अंगावरची ओळखीची खूण. "डाव्या भुवईवर व्रण," "उजव्या गालावर तीळ." खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, किंवा पाचही बोटांचे. ज्या माणसाचा एकही फोटो घरात नाही त्याची उंची आणि भुवईवरचा व्रण अचानक समोर येतो. त्या पानाची नीट छायाप्रत आधी काढून घ्या.

पुढच्या पानांवर एकेका ओळीत पद, पगार, कधीपासून कधीपर्यंत, आणि समोर साहेबाची सही. डोळा ठेवा तो तारखांच्या सलगतेवर. दोन ओळींमध्ये खंड दिसला की काहीतरी घडलेलं असतं : आजारपण, निलंबन, संप. शेरे इंग्रजीत आणि संक्षेपात असतात. एखाद्या निवृत्त रेल्वे क्लार्कला शेजारी बसवून वाचून घ्या. त्याला ते तोंडपाठ असतं.

जन्मतारीख १ जुलै लिहिली आहे. खरी समजायची का?

बहुतेक नाही. रेल्वेचा नियमच असा आहे : फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै धरायची, वर्ष आणि महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख. आणि माणसाने नुसतंच "वय अठरा" असं सांगितलं, तर नोंद झाली त्या दिवशी त्याला अठरा पूर्ण झाली असं धरून मागे मोजायचं. म्हणून जन्मतारीख आणि नोकरीची तारीख यांचा दिवस-महिना एकच दिसला तर उलगडा इथे आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून असते, ती मास्तरांनी घातलेली. घरातली आठवण, म्हणजे "प्लेगच्या साली" किंवा "मानमोडीच्या तापात आई गेली तेव्हा तो अंगावर पीत होता," हीच पुष्कळदा जास्त खरी. मानमोडीची साथ १९१८ ची, त्यावरून वर्ष काढता येतं.

रेल्वेच्या कागदांवर आडनावच नाही. माणूस आमचाच हे कसं ठरवू?

जुन्या हजेरीपटांवर "दगडू भिका," "रामा लक्ष्मण," असंच असायचं. स्वतःचं नाव आणि बापाचं. आडनाव मुलं शाळेत गेली तेव्हा लागलं, आणि तेही कोणाला गावावरून, कोणाला धंद्यावरून. एकाच शेडमध्ये चार दगडू भिका असू शकतात. अशा वेळी नावावर जाऊ नका, नंबर धरा. शेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये टोकन नंबर असायचा, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर वेगळा. घरात पितळी टोकन किंवा बिल्ला निघाला तर त्यावरचा आकडा लगेच उतरवून घ्या. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक क्लार्कच्या मनाचं, त्यामुळे यादीत शोधताना तीन-चार तऱ्हेने शोधा.

भुसावळच्या डीआरएम ऑफिसातून जुनी माहिती मिळते का? माहितीचा अधिकार वापरावा का?

आधी साधा अर्ज करा. पर्सोनेल शाखेतल्या सेटलमेंट विभागाकडे, वारस म्हणून. सोबत पीपीओ किंवा पी.एफ. नंबर, पद, शेवटचं स्टेशन, निवृत्तीचं साल. नुसतं नाव देऊन काही होत नाही. वेल्फेअर इन्स्पेक्टर हा या कामातला खरा उपयोगाचा माणूस. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचे प्रश्न बघणं हेच त्यांचं काम असतं.

त्यातून मार्ग निघाला नाही तर माहितीचा अधिकार. रेल्वे केंद्र सरकारची आहे, त्यामुळे अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. प्रतींना पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

"ही त्रयस्थाची खासगी माहिती आहे," असा नकार येऊ शकतो. तेव्हा कायद्याचं कलम ८(३) वाचा आणि अपिलात लिहा : वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींची माहिती मागितली तर नकाराची बहुतेक कारणं चालत नाहीत, आणि खासगीपणाचं कारण त्या न चालणाऱ्यांतच येतं. मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद सोबत जोडाच.

दुसरा नकार असतो "अभिलेख उपलब्ध नाही." जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत आहे, त्यामुळे हे खरंही असू शकतं. म्हणून अर्जातच आणखी एक मागणी घाला : कागद नष्ट केले असतील तर ते नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत द्या. हे विचारल्यावर कधी कधी शोध नव्याने सुरू होतो.

आजोबा १९५० च्या आसपास निवृत्त झाले. त्यांचा पीपीओ का सापडत नाही?

कारण तो नव्हताच. रेल्वेत पेन्शन योजना १९५७ साली आली. त्याआधी प्रॉव्हिडंट फंड आणि त्यावरची रक्कम एकरकमी मिळायची आणि संबंध संपायचा. १९५७ मध्ये नोकरीत असलेल्यांना पेन्शन की फंड असा पर्याय दिला गेला, आणि बऱ्याच जणांनी हातात येणारी रोख रक्कम निवडली. त्या पैशाचं पुढे काय झालं ते शोधा. गावाकडे शेत घेतलं असेल तर त्या वर्षीचा फेरफार तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळेल, आणि फेरफारात पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव असतं.

"संपात नोकरी गेली," असं ऐकलंय. कुठला संप?

साल विचारा. जीआयपीवर मोठा संप १९३० च्या फेब्रुवारीत सुरू झाला. देशभरचा संप १९७४ चा, ८ मे पासून जवळजवळ तीन आठवडे. त्यात हजारो लोकांना अटक झाली, कामावरून काढलं गेलं, क्वार्टर रिकामी करायला लावली. भुसावळसारख्या रेल्वेगावात याचा अर्थ काय होतो ते ज्यांनी बघितलं त्यांना विचारा : बापाची नोकरी, डोक्यावरचं छप्पर, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं एकाच मालकाकडे. पुढे अनेकांना परत घेतलं. सेवापुस्तिकेत खंड आणि नंतर तो माफ केल्याची ओळ, अशी नोंद दिसू शकते. युनियनच्या जुन्या शाखांतल्या माणसांकडे त्या दिवसांची पत्रकंही असतात. काही घरांत हा विषय आजही दबक्या आवाजात निघतो, आणि संपात न गेलेल्यांच्या घरांत तर निघतच नाही. दोन्हीकडे आदराने विचारा.

कामावर अपघातात गेलेल्या माणसाबद्दल काय शोधता येतं?

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यानंतरचा अपघात असेल तर भरपाईच्या प्रकरणात विधवेचं आणि मुलांचं नाव, वय येतं. त्याच्या आधीच्या काळासाठी जुनी वर्तमानपत्रं बघा. गावात समाधी, दगड किंवा रुळाशेजारी शेंदूर लावलेलं ठाणं असेल तर तेही नोंदवा.

अशा घरांत पुढच्या पिढीला अनुकंपेवर नोकरी मिळालेली असते, आणि ती पुष्कळदा विधवेला. स्टेशनवर पाणीवाली, दवाखान्यात आया, शाळेत किंवा वेटिंग रूमवर. तुमच्या घरातली रेल्वेवाली पूर्वज आजी असू शकते. तिच्या सेवापुस्तिकेत नवऱ्याचं पद आणि त्याच्या मृत्यूची तारीख सापडते, म्हणजे एका कागदात दोन माणसं. वंशावळीत तिचं काम आवर्जून लिहा.

आमचं कुटुंब अँग्लो-इंडियन, गोवन किंवा पारशी आहे. आमच्यासाठी वेगळी ठिकाणं आहेत का?

आहेत, आणि तुलनेने भरपूर. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात रेल्वे कंपन्यांचे कागद आहेत. त्यात विलायतेतून कराराने आणलेल्या माणसांची नावं येतात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचे चर्चचे दाखलेही तिथेच. फिबिस ही संस्था अशा नोंदी सूचीबद्ध करते आणि तिची सूची घरबसल्या बघता येते. भुसावळच्या चर्चची रजिस्टरं आणि ख्रिस्ती दफनभूमीतले दगड प्रत्यक्ष जाऊन पाहा. पंधरा बंगला भागात किंवा लिम्पस क्लबच्या आठवणींत तुमच्या घरातलं कोणी असेल, तर शेजारी कोण होतं तेही विचारा.

गावाकडच्या सरकारी नोंदी कुठे आणि कशा शोधायच्या?

जिल्ह्यांचा हिशोब आधी डोक्यात बसवा. १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता. मग पूर्व खानदेश, म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिम खानदेश, म्हणजे धुळे. धुळ्यातून नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. रेल्वेच्या कागदावर "ई. खानदेश" असं इंग्रजी अक्षर दिसलं तर ते पूर्व खानदेश.

खेड्यांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात आणि जातपडताळणीसाठी लोक रोज काढतात, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना काम माहीत असतं. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी वाचणारे जळगाव-धुळ्यात मिळतात. एकाच गावाची चार घरं मिळून गेलं तर खर्चही वाटला जातो. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. मुलाच्या नावापुढे आधीची शाळा लिहिलेली असते, आणि भुसावळ, मग बडनेरा, मग चाळीसगाव अशा शाळांवरून बापाच्या बदल्या जशाच्या तशा जुळतात.

वंशावळीसाठी भाट आणि तीर्थोपाध्याय यांचा उपयोग होतो का?

होतो, आणि रेल्वेवाल्यांच्या बाबतीत जरा जास्तच. खानदेशातल्या बऱ्याच समाजांचे भाट अजून येतात आणि त्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावं असतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा फायदा वेगळा आहे. रेल्वेवाल्याला पास मिळायचा, त्यामुळे त्याच पगाराचा दुसरा माणूस पंढरपूरलाच जाऊन यायचा तिथे हा आईबापांना घेऊन काशी, प्रयाग, गयेला जायचा. त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि काशीच्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव, जात आणि बरोबर आलेल्या माणसांची नावं लिहिलेली असतात, कधी त्यांच्याच सहीने. मूळ गावाच्या नावाने विचारा. भुसावळ सांगून उपयोग नाही, कारण वही मूळ गावावर लागते.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावं? त्यांना सालं आठवत नाहीत.

सालं विचारूच नका. ड्युटीवर बोलवायला कॉल बॉय रात्री दार ठोठवायला यायचा तेव्हा काय म्हणायचा? डब्यात काय जायचं? क्वार्टरच्या डाव्या हाताला कोण राहायचं, उजव्या हाताला कोण? कपड्यांना कोळशाचा वास यायचा की तेलाचा? कोळसा म्हणजे इंजिन, तेल म्हणजे फिटर किंवा कॅरेज-वॅगन, म्हणजे डब्यांचं खातं. हातात कंदील होता की झेंडा? पगार कुठे वाटायचे? पास काढून पहिल्यांदा कुठे गेलात? प्रत्येक उत्तरातून खातं, स्टेशन आणि काळ हळूहळू निघतो. शेजाऱ्यांची नावं तर नीट लिहून घ्या, कारण तुमच्याकडे नसलेला कागद त्यांच्या मुलांकडे असू शकतो. निवृत्तांच्या संघटनांच्या बैठका भुसावळ-जळगावात होतात. तिथे जुनं पद आणि शेड सांगून उभं राहिलात तर कोणीतरी ओळख काढतंच.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. अहिराणीत किंवा तावडी बोलीत सांगत असतील तर तसंच सांगू द्या. शुद्ध बोलायला लावलं की माणूस आखडतो आणि अर्ध्या गोष्टी गळून जातात.

सापडलेले कागद कसे जपायचे?

लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात कायमचा खराब होतो. चिकटपट्टीही लावू नका. उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या बाजूचेही. मग कागद सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात, वाळवी आणि ओल लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पाकिटावर पेन्सिलीने नाव, नातं आणि कागद कोणाच्या घरातून मिळाला ते लिहा. फोटोंची एक प्रत भावाबहिणींपैकी ज्याला याची आवड आहे त्याच्याकडे द्या. पीपीओ, पी.एफ. आणि टोकन नंबर वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात तेच लागतात.